आडवे होऊन घ्यायची गादी

दिवाळीच्या आधीचा रविवार. गाद्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नवरा-बायको आणि सोबत सासूबाई असे तिघे आत येतात. नवरा तळहाताने एक गादी दाबून पाहतो, मग दुसरी. बायको काठावर टेकल्यासारखी बसते आणि लगेच उठते. "कडक आहे ना?" सासूबाई विचारतात. "एकदम कडक, मावशी. ऑर्थोपेडिक आहे. डॉक्टर हीच सांगतात," दुकानदार ग्वाही देतो. मग इंच, कापडाचा रंग, दहा वर्षांची वॉरंटी, घासाघीस, टेम्पोचे भाडे. अर्ध्या तासात व्यवहार आटोपतो. त्या अर्ध्या तासात तिघांपैकी कोणीही त्या गादीवर एकदाही आडवे झालेले नसते.

साडी घेताना आपल्याकडे पदर उलगडून खांद्यावर टाकून पाहतात. चप्पल घेताना दुकानातल्या दुकानात चार पावले चालून पाहतात. गादी मात्र हाताने दाबून घेतली जाते. रोज सात तासांची झोप धरली तर वर्षाचे २,५५५ तास होतात, म्हणजे दहा वर्षांत पंचवीस हजारांहून जास्त. एवढा वेळ अंगाला लागून राहणारी दुसरी वस्तू घरात नाही.

यामागे निष्काळजीपणा फारसा नाही, संकोच आहे. अनोळखी माणसांसमोर, तेही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या देखत, दुकानात पाय लांब करून झोपायचे कसे? बायकांना हा संकोच अधिक. घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी पाठ टेकणारी बाई गादी घेताना बहुधा कापडाच्या रंगाबद्दलच मत देते. पाठीबद्दल बोलत नाही, कोणी विचारतही नाही.

मग निर्णय होतो तो एका जुन्या समजावर: गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली. "पाठ धरलीय? खाली सतरंजीवर झोप चार दिवस," हा सल्ला मराठी घरात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गादीखाली लाकडी फळी टाका, असे डॉक्टरही वर्षानुवर्षे सांगत आले. या सल्ल्याला तेव्हा आधार होता. सुंभाची बाज सैल पडली की मध्ये झोळी होते, नवारीची खाटही तशीच, आणि जाळीच्या लोखंडी पलंगावर तर माणूस पाळण्यात निजल्यासारखा मध्ये गोळा होतो. अशा झोळीतून उठून सपाट फळीवर गेलेल्या माणसाला बरे वाटणारच. पण झोळीपेक्षा फळी बरी, एवढेच त्यातून ठरते. फळी सर्वांत चांगली, असे ठरत नाही.

ते तपासून पाहण्याचे काम स्पेनमध्ये झाले. फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीचा जुना त्रास असलेले ३१३ रुग्ण घेतले. त्यांच्या घरच्या गाद्या बदलून काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितलेले नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. युरोपात गादीचा कडकपणा मोजण्याची १ ते १० अशी पट्टी आहे. तिच्यावर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गाद्यांचा आकडा २.३ होता, मध्यम गाद्यांचा ५.६. नव्वद दिवसांनी पाहणी झाली तेव्हा दोन्ही गटांना पूर्वीपेक्षा बरे वाटत होते; पण अंथरुणात पडल्यावर, सकाळी उठताना आणि दिवसभराच्या हालचालींत मध्यम गादीवाल्यांचा त्रास अधिक कमी झाला होता. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि त्याचाही कौल मध्यम कडक गादीलाच मिळाला.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका विद्यापीठातला २००९ चा अभ्यासही सांगण्यासारखा आहे. त्यात ५९ निरोगी माणसांच्या जुन्या गाद्या काढून नव्या मध्यम कडक गाद्या दिल्या. जुन्या गाद्यांचे सरासरी वय साडेनऊ वर्षे होते. २८ दिवसांत झोप सुधारली, पाठीची कुरकुर कमी झाली. मात्र आपल्याला नवी गादी मिळाली आहे हे त्या सर्वांना माहीत होते, आणि नव्या वस्तूचा आनंदही थोडी दुखणी विसरायला लावतो. म्हणून या अभ्यासाला लॅन्सेटमधल्या अभ्यासाएवढे वजन देता येत नाही. तरीही दहा वर्षांच्या आसपास गादीकडे एकदा नीट पाहावे, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

मध्यमच का, हे समजायला कुशीवर झोपलेल्या माणसाकडे पाहावे. खांदा आणि नितंबाचे हाड ही शरीराची रुंद ठिकाणे, कंबर अरुंद. गादी दगडासारखी असली तर सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो आणि कंबर अधांतरी राहते. मग रात्रभर हाताला मुंग्या, सतत कूस बदलणे. गादी अतिमऊ असली तर खुबा खोल रुततो आणि कणा धनुष्यासारखा वाकतो. गादीने खांदा आणि खुबा थोडा आत घ्यावा आणि कंबरेला खालून टेकू द्यावा. उताणे झोपणाऱ्याच्या कंबरेखाली पोकळी असते; तिथेही हेच लागू. पालथे झोपणाऱ्याला मात्र जरा कडकच हवी, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते.

यात माणसाचे वजन फार महत्त्वाचे. पंचेचाळीस किलोच्या मुलीला जी गादी फळीसारखी वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाला बेताची मऊ वाटते. म्हणून 'मध्यम' असा शिक्का गादीवर मारून भागत नाही. कोणासाठी मध्यम, ते त्या माणसाने झोपूनच सांगायचे असते. नवरा-बायकोच्या वजनात मोठा फरक असेल तर एका मोठ्या गादीचा हट्ट सोडावा. ७८ बाय ३६ इंचांच्या दोन वेगवेगळ्या गाद्या शेजारी ठेवल्या की ७८ बाय ७२ ची पूर्ण मोठी गादी होते. वर एकच चादर घातली की झाले. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत ही सर्रास पद्धत आहे. आपल्या दुकानात ती कोणी सुचवत नाही, पण मागितली तर सहज मिळते.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत मातीवरची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींतले विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. मातीत मुरलेल्या पैलवानाला गादीवर उतरताना पवित्रा, पायांची पकड, तोल सगळे नव्याने बसवावे लागते. खालचा पृष्ठभाग बदलला की शरीर वेगळे वागते, हे तालमीतले ज्ञान आहे. झोपलेले शरीरही तसेच वागते, फक्त ते बोलून दाखवत नाही.

मराठीत 'गादी' या शब्दाला मान मोठा. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हटले की कापूस कोणाच्या मनात येत नाही. घरातली मूळ गादी मात्र कापसाचीच. ती विकत आणायची नसे, भरून घ्यायची असे. पिंजारी, नदाफ, मन्सूरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजातले कारागीर खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन गल्लीतून जात. तातीवर बोट मारले की जो टणत्कार निघे तीच त्यांची हाक. अंगणात चादर पसरायची, जुनी गादी उसवायची, आणि कारागीर त्या ताणलेल्या तातीवर लाकडी दांडक्याचे ठोके घालत बसायचा. दडपून चपटा झालेला कापूस ठोक्यागणिक सुटा होई, फुले, हलका होई. संध्याकाळपर्यंत त्याच कापसाची नवी गादी तयार होई.

आता धनुकली जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तिची जागा खिळ्यांच्या रुळाच्या, मोटरवर चालणाऱ्या पिंजण यंत्राने घेतली. काम झपाट्याने होते, पण बंद खोलीत कापसाची बारीक धूळ दाटते. कापसाच्या धुळीने छाती आवळते, दम लागतो. गिरणी कामगारांमध्ये हा आजार पूर्वीपासून माहीत आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या नोंद करावयाच्या आजारांच्या यादीत तो होता. गल्लीतल्या दोन माणसांच्या गादी दुकानाला मात्र तो कायदा लागू होत नसे. गादी भरून घ्यायला जाणाऱ्याने त्या कारागिराच्या तोंडाला नुसता रुमाल आहे की बरा मास्क आहे, हे पाहावे आणि नसेल तर सोबत चार मास्क न्यावेत. हे काम करणाऱ्यांना जपायला हवे, कारण घरातल्या सगळ्या गाद्यांमध्ये कापसाची ही एकच अशी आहे जी उसवून, पिंजून, त्याच मालातून पुन्हा नवी करता येते.

कापसाची गादी आराम देते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. धागा स्वतः स्प्रिंगसारखा उसळत नाही. अंगाच्या वजनाने हवा निघून जाते, घामाचा ओलावा धरतो, गाठी होतात. नवी भरलेली चार-पाच इंचांची गादी पाठीला छान मध्यम लागते. वर्ष-दोन वर्षांत तीच फळी होते. तेव्हा दोन-तीन वर्षांनी पिंजून घेण्याची जुनी रीत अगदी बरोबर होती. कापूसही पाहून घ्यावा. गादीला आखूड, जाड, खरखरीत धाग्याचा देशी कापूस चांगला, कारण तो लवकर दबत नाही. विदर्भात आता शेतात आहे तो बहुतांशी संकरित, लांब आणि तलम धाग्याचा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तर देशी वाण फारच मागे पडले. तलम धागा सुताला उत्तम, गादीत तो लवकर बसतो. त्याहून वाईट म्हणजे स्वस्त तयार गादी. खोळ उसवली तर आत गिरणीचा टाकाऊ माल, रंगीत दोऱ्यांचे गुंते, चिंध्या सापडतात. म्हणून कापसाची गादी डोळ्यांसमोर भरून घ्यावी, कापूस आपल्यासमोर तोलून घ्यावा. एका माणसाच्या गादीला साधारण आठ ते दहा किलो लागतो. टाके वीतभर अंतरावर आणि आरपार असावेत, नाहीतर कापूस सरकून कोपऱ्यात जमतो.

कापसानंतर मध्यमवर्गीय घरात आली ती काथ्याची गादी. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिळून, वाफ देऊन कुरळा करायचा, मग सोडवून त्यावर रबराचा चीक फवारायचा आणि तापवून पक्का करायचा. हे काम नारळाच्या मुलखाजवळ वाढले यात नवल नाही. कर्नाटकात १९६२ मध्ये मणिपालच्या पै कुटुंबाने काथ्याच्या गाद्यांचा उद्योग सुरू केला, तोच पुढे 'कर्ल-ऑन' नावाने देशभर गेला. केरळात १९६३ मध्ये 'ड्युरोफ्लेक्स' सुरू झाली. 'स्लीपवेल'वाल्या शीला फोमची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या शीला गौतम पुढे अलिगढमधून लोकसभेवर निवडून गेल्या. त्याच कंपनीने २०२३ मध्ये कर्ल-ऑन विकत घेतली. काथ्याची गादी हवा खेळती ठेवते, कडक असते, आणि 'कडक म्हणजे चांगली' या समजाच्या जोरावर ती भरपूर खपली. नुसत्या काथ्याची गादी बारीक अंगाच्या माणसाने घेऊ नये. वर एक-दोन इंचांचा चांगला फोम असेल तर तीच सुसह्य होते.

आज दुकानात आणि घरपोच खोक्यात येणाऱ्या बहुतेक गाद्या फोमच्या असतात. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर यांनी जर्मनीत १९३७ मध्ये लावला. त्याचा मऊ फोम पुढे जगभर गाद्यांत शिरला. इथे गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते, म्हणून थोडे थांबून पाहू.

फोमच्या धंद्यात 'डेन्सिटी' हा शब्द सारखा कानावर येतो. बत्तीस, चाळीस, पन्नास. हा आकडा कडकपणाचा, असे बहुतेकांना वाटते आणि काही विक्रेते तसे वाटूही देतात. खरे तर एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढेच तो सांगतो. चाळीस घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि तेवीसचा कडकही. कडकपणा रसायनांच्या मिश्रणावर ठरतो. घनतेवरून कळतो तो टिकाऊपणा. कमी घनतेच्या फोममध्ये माल कमी आणि हवा जास्त. असा फोम पहिले सहा महिने छान लागतो, मग जिथे खुबा टेकतो तिथे खड्डा पडतो. रोज झोपायच्या गादीचा मुख्य थर बत्तीसच्या खाली नसावा, चाळीस असेल तर उत्तम. पाहुण्यांसाठी वर्षातून दहा रात्री लागणाऱ्या गादीला कमी चालेल.

हा आकडा घरी पडताळता येतो. ७२ बाय ३६ इंचांची, चार इंच जाडीची सलग फोमची गादी म्हणजे ०.१७ घनमीटर. फोम चाळीस घनतेचा असेल तर तिचे वजन जवळजवळ पावणेसात किलो भरेल, बत्तीसचा असेल तर साडेपाचच्या आत, आणि तेवीसचा असेल तर चार किलोंच्याही आत. ७८ बाय ७२ ची सहा इंची गादी चाळीसच्या फोमची असेल तर बावीस किलो, बत्तीसची असेल तर पावणेअठरा. खोळीचे वजन वेगळे. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग गादी धरून, आणि फरक काढावा. कोणालाही जमेल. लबाडी इथेही आहे: वजन वाढवायला फोममध्ये चुनखडीची पूड मिसळतात. म्हणून वजनासोबत उसळीही पाहावी. फोमचा कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडला की तो चटकन मूळ आकाराला यावा, त्यातून पूड झडू नये. घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी आय.एस. ७९३३ आणि रबर मारलेल्या काथ्यासाठी आय.एस. ८३९१ अशी भारतीय मानके आहेत. दुकानात ती विचारणारा माणूस विरळा, आणि म्हणूनच विचारले की विक्रेता सावरून बसतो.

'ऑर्थोपेडिक' या शब्दाचे काय? तो कंपनीने स्वतः लावलेला असतो. बऱ्याचदा अशा गादीच्या पोटात रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला रंगीबेरंगी लगदा. त्याची घनता ऐंशी-शंभरच्या घरात आणि तो चांगलाच कडक. तळाच्या आधाराला हा थर ठीक. पण वर नुसता एक इंच मऊ फोम असेल तर ती पाठदुखीवाल्यासाठी खास बनवलेली गादी म्हणता येणार नाही. चेन उघडून आतले थर दाखवणाऱ्या दुकानातच खरेदी करावी.

मेमरी फोमचा जन्म विमानातल्या आसनासाठी झाला. १९६६ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्राच्या कामासाठी चार्ल्स योस्ट यांनी धक्का शोषणारा, सावकाश मूळ आकाराला येणारा फोम बनवला. पुढे स्वीडनमधल्या एका कंपनीने त्याची गादी केली आणि नव्वदच्या दशकात ती बाजारात आली. अंगाच्या उबेने हा फोम मऊ होतो आणि अंगाचा ठसा घेतो. भार नीट वाटला जातो, शेजारच्याने कूस बदलली तरी कळत नाही. पण हा फोम उष्णता धरून ठेवतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना आणि वीज गेली असताना, जाड मेमरी फोमवर झोपणे कठीण. 'जेल'चा थर पहिला थोडा वेळ गार लागतो, नंतर तोही अंगाइतका तापतो. विदर्भ-मराठवाड्यात हा थर एक-दीड इंचापेक्षा जास्त नसावा, आणि घाम फार येणाऱ्याने तो टाळलेलाच बरा.

स्प्रिंगच्या गाद्यांत हवा खेळती राहते. एकमेकींत अडकवलेल्या स्प्रिंगांची जुनी जात स्वस्त, पण एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत वेगळी ठेवण्याची युक्ती कॅनडात जेम्स मार्शल यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काढली. तीच आजची 'पॉकेट स्प्रिंग'. रात्रपाळीवरून उशिरा येणाऱ्यासाठी आणि त्याच्या झोपलेल्या जोडीदारासाठी ती चांगली. रबराच्या चिकापासून केलेली लॅटेक्सची गादी सर्वांत टिकाऊ, उसळती आणि महाग. ती तयार करण्याची पद्धत डनलॉप कंपनीत १९२९ मध्ये बसवली गेली, आणि आपल्याकडचे बहुतेक रबर केरळचे. मात्र 'लॅटेक्स' या नावाखाली एक इंचाचा थर आणि खाली साधा फोम विकला जातो, म्हणून इथेही चेन उघडायला सांगावे.

गादी कितीही चांगली असो, ती कशावर ठेवली यावर तिचे आयुष्य ठरते. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आता घरोघर सामान भरायचा बॉक्सचा पलंग असतो. वर सलग प्लायवूड, त्यावर जाड गादी. घामाचा ओलावा खाली उतरतो आणि तिथेच अडकतो. पावसाळ्यानंतर गादी उचलली तर तळाला काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते. प्लायवूडला ठिकठिकाणी भोके पाडून घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा गादी तासभर भिंतीला टेकवून उभी ठेवावी. कोकणात तर हे हवेच. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमध्ये तीन इंचांहून जास्त अंतर नको, नाहीतर फोम फटीत उतरतो.

ओलावा आणि ऊब मिळाली की धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ते माणसाच्या झडलेल्या त्वचेवर जगतात आणि दम्याच्या, शिंकांच्या रुग्णाला त्यांचाच त्रास होतो. खोळ काढून गरम पाण्यात धुता येईल अशीच घ्यावी. आजीची गच्चीवर गाद्या उन्हात टाकण्याची सवय ओलावा घालवायला उत्तम होती. कापसाला कडक ऊन मानवते; फोम आणि लॅटेक्स थेट उन्हात पिवळे पडून चुरतात, त्यांना वारा आणि सावली द्यावी. आणखी एक गोष्ट जीव तोडून सांगण्यासारखी: फोम पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असतो. अमेरिकेने २००७ पासून गाद्यांना उघड्या ज्वाळेची चाचणी सक्तीची केली. आपल्या घरात डासांची जळती अगरबत्ती पलंगाखाली ठेवतात. ती तिथून आजच काढा.

दोन जणांसाठी निवड वेगळ्या नियमाने करायची. तान्ह्या बाळाला मऊ गादी नकोच. सपाट आणि घट्ट पृष्ठभाग, बाळ उताणे, आजूबाजूला उशी, दुलई, मऊ लोड काही नाही. मऊ गादीत तोंड रुतून बाळ गुदमरण्याचा धोका खरा आहे. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कितीही महागडी मेमरी फोमची गादी पुरत नाही. त्याला आलटून पालटून फुगणाऱ्या नळ्यांची हवेची गादी लागते, आणि ती असली तरी दर दोन तासांनी कूस बदलून द्यावीच लागते. माकडहाडावर, टाचेवर लाली दिसली की शय्याव्रणाची ती सुरुवात असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी उंचीही मोजावी. पलंग अठरा इंच आणि वर दहा इंचांची गादी झाली की आजींचे पाय अधांतरी लोंबतात आणि रात्री उठताना तोल जातो. काठावर बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि काठ खचता कामा नये.

आता दुकानात काय करायचे ते. शनिवार-रविवार सोडून दुपारी जावे, गर्दी नसते. ज्यांना झोपायचे आहे त्यांनीच जावे, आणि दोघांनी मिळून जावे. सैल कपडे घालावेत. शक्य तर घरची उशी सोबत न्यावी, कारण मान कशी राहते यावर पाठीचे बरेच ठरते. चपला काढून आपण रोज ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर पडावे, आणि एका गादीवर किमान दहा-पंधरा मिनिटे. पहिल्या दोन मिनिटांत मऊ गादी नेहमीच गोड वाटते. उताणे असताना कंबरेखाली हात सरकवून पाहावा: हात आरपार सहज गेला तर गादी जास्त कडक, मुळीच शिरला नाही आणि कूस बदलायला जोर लागला तर जास्त मऊ. सोबतच्याने पायथ्याशी उभे न राहता बाजूने कणा पाहावा. कुशीवर असताना मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ साधारण सरळ दिसली पाहिजे. लांबी उंचीपेक्षा निदान सहा इंच जास्त हवी. पावणेसहा फुटांच्या माणसाला ७२ इंची गादी आखूडच पडते, ७५ किंवा ७८ मागावी.

ऑनलाइन घेणाऱ्यांना दुकानाचा हा आधार नसतो, त्यांना दुसरा आहे. काही कंपन्या शंभर रात्री वापरून परत करण्याची मुभा देतात. ती खरोखर वापरावी. खोक्यातून काढलेल्या गादीला पूर्ण फुगायला आणि वास जायला एक-दोन दिवस द्यावेत, आणि शरीराला नव्या गादीची सवय व्हायला तीन-चार आठवडे. त्यानंतरही सकाळी पाठ आखडत असेल आणि दिवसभर हिंडल्यावर बरी वाटत असेल, तर गादी परत करावी. लाजेखातर ठेवून घेऊ नये. वॉरंटीच्या कागदात 'खड्डा' किती खोल असला तर भरपाई मिळते ते वाचावे. इंचभर खोल खड्डा असल्याशिवाय तक्रार न घेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पाठ तर त्याच्या अर्ध्या खड्ड्यातच दुखू लागते. डाग पडला तर वॉरंटी रद्द, असेही कलम असते, म्हणून पहिल्या दिवसापासून वर सुती खोळ घालावी.

यंदा दिवाळीत गादी घ्यायची असेल तर सासूबाईंना, आईंना, बायकोला आधी झोपायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहा. त्यांना संकोच वाटला तर दुकानदाराला दहा मिनिटे पलीकडे जायला सांगा. चांगला दुकानदार जातो. आणि पैसे देण्याआधी बिलावर प्रत्येक थर कशाचा, किती इंचांचा आणि किती घनतेचा, हे त्याच्या हाताने लिहून घ्या.